ल्युसीन तुझ्या भाकरीतच आहे

औसा तालुक्यातल्या एका मुलानं विचारलंय: "ताई, वय २२, वजन ५८ किलो. लातुरात खोली करून राहतो, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. पाच महिन्यांपासून जिम लावली. सुरुवातीला अंग भरलं, आता दोन महिने झाले, वजन काटाभर हलत नाही. जिममधले सर म्हणाले बीसीएए नावाची अमिनो ॲसिडांची पावडर चालू कर, व्यायामाच्या आधी एक स्कूप, नंतर एक. १८०० रुपयांचा डबा आणला. घरात माळ आहे, अंडी-मटण चालत नाही. अमिनो ॲसिडनं खरंच मसल वाढतात का?"

बाबा, तुझ्या बाबतीत उत्तर 'नाही' असंच आहे. पण नुसतं नाही म्हणून तुला सोडून देणार नाही. तुझ्या मनात उद्या कुणीतरी पुन्हा हाच डबा भरवील, आणि तेव्हा नाही का म्हणायचं हे तुला ठाऊक असलं पाहिजे.

मी एकेकाळी विद्यापीठाकडून वेटलिफ्टिंग खेळले आणि गेली १९ वर्षं खेळाडूंचा आहार बघते आहे. खेळायच्या दिवसांत मीही अमिनोच्या पिवळ्या गोळ्या खाल्ल्या आहेत, दिवसाला सहा. घरून आलेले पैसे त्यात जायचे आणि मेसचं दूध बंद करून ते पैसे भरून काढायचे. दूध बंद करून गोळ्या! आज आठवलं की वाईट वाटतं, कारण कुणी नीट समजावलं असतं तर तीन वर्षं वाया गेली नसती. म्हणून तुला सविस्तर सांगते.

आपण खातो ती प्रथिनं २० अमिनो ॲसिडांची बनलेली असतात. त्यातली ११ शरीर स्वतः तयार करू शकतं. उरलेली ९ अन्नातूनच यावी लागतात: ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, लायसीन, मेथिओनीन, थ्रिओनीन, फिनाइलॲलनीन, ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडीन. बीसीएए म्हणजे यातली पहिली तीन. तुझ्या डब्यावर २:१:१ लिहिलं असेल, म्हणजे ५ ग्रॅमच्या स्कूपात अडीच ग्रॅम ल्युसीन आणि बाकीची दोन सव्वा-सव्वा ग्रॅम.

आता जिमवाले जे सांगतात त्यातला खरा भाग. ल्युसीन हे नुसतं बांधकामाचं सामान नाही, ते इशाराही देतं. रक्तात ल्युसीन वाढलं की स्नायूच्या पेशीतली एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि नवं प्रथिन बांधायचं काम सुरू होतं. हे प्रयोगशाळेत पक्कं झालेलं आहे, त्यात वाद नाही. वाद त्याच्या पुढे आहे.

ऊसतोडीचं बघ. मुकादमानं पहाटे हाळी दिली, टोळी उठली, कोयते घेऊन फडावर पोचली. फडात ऊसच नसेल तर ट्रक कशानं भरायचा? ल्युसीन हा मुकादम आहे. स्नायू बांधायला नऊच्या नऊ अमिनो ॲसिडं हजर लागतात, एक जरी कमी पडलं तरी काम तिथंच अडतं. तू उपाशी पोटी नुसतं बीसीएए प्यायलास तर उरलेली सहा कुठून येणार? शरीरातली जुनी प्रथिनं मोडून, आणि त्यात स्नायू आलाच. म्हणजे एका हातानं मोडायचं आणि दुसऱ्या हातानं बांधायचं. यात शिल्लक पडत नाही. २०१७ मध्ये रॉबर्ट वुल्फ या संशोधकानं माणसांवरचे प्रयोग तपासून नेमकं हेच मांडलं. शिरेतून नुसतं बीसीएए दिलेल्या प्रयोगांत स्नायूंची मोडतोड तर कमी झाली, पण त्याबरोबर बांधणीही कमी झाली.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगते, नाहीतर तुझे सर तो तुला दाखवतील. त्याच वर्षी दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायामात मुरलेल्या १० तरुणांना वजनं उचलल्यावर ५.६ ग्रॅम बीसीएए दिलं, तेव्हा स्नायूंची बांधणी नुसत्या चवीच्या पाण्यापेक्षा २२ टक्क्यांनी जास्त झाली. म्हणजे परिणाम शून्य नाही. पण त्याच संशोधकांनी पुढे लिहिलं की जवळपास तेवढंच बीसीएए असलेल्या व्हे या दुधातल्या प्रथिनातून मिळणारी वाढ याच्या साधारण दुप्पट असते. ल्युसीन दोन्हीकडे सारखंच, फरक बाकीच्या अमिनो ॲसिडांचा. आणि हे मोजमाप व्यायामानंतरच्या चार तासांचं होतं. चार तासांत बांधणी वाढली म्हणून चार महिन्यांत दंड भरतील, असं गणित बसत नाही.

बीसीएएच्या बाजूनं आणखी एक गोष्ट: व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते काही प्रयोगांत थोडं कमी झालेलं दिसलं आहे. पण ठणका कमी झाला म्हणजे स्नायू वाढला असं नसतं.

आता आपल्या भागाची गोष्ट, जी मला तुला मुद्दाम सांगायची आहे.

तू पाठवलेलं दिवसभराचं खाणं मी कागदावर मांडलं. सकाळी पोहे आणि चहा. दुपारी डब्यात दोन भाकरी, बटाट्याची किंवा वांग्याची भाजी, पातळ वरण. संध्याकाळी एक केळ आणि चहा. रात्री दोन पोळ्या, भात, आमटी. पोह्यांतून ५ ग्रॅम प्रथिन धर. दोन चहाच्या दुधातून ३. दोन मोठ्या भाकरींना १४० ग्रॅम पीठ लागतं, त्यातून १४. भाजीतून ३, वरणातून ३, केळ्यातून १, पोळ्यांतून ८, भातातून ५, आमटीतून ३. बेरीज ४५ ग्रॅम. मेसचं वरण किती पातळ असतं ते मी स्वतः जेवून पाहिलं आहे, वाटीत दाळ १५ ग्रॅमच्या वर निघत नाही.

काहीही व्यायाम न करणाऱ्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे. तुझ्या ५८ किलोला ते ४८ ग्रॅम होतं. म्हणजे नुसत्या बसणाऱ्या माणसाला लागतं तेवढंही तुझ्या पोटात जात नाही, आणि तू सकाळी धावतोस आणि संध्याकाळी वजनं मारतोस. वजनं उचलायच्या व्यायामावरच्या ४९ प्रयोगांचा, १८०० हून जास्त माणसांचा एकत्र हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला. त्यात दिसलं की रोजचं प्रथिन किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत नेलं तर स्नायू वाढायला मदत होते, त्याच्या वर नेऊन विशेष काही हाती लागत नाही. तुझ्यासाठी तो आकडा ९३ ग्रॅमचा. तू निम्म्यावर आहेस. वजन हलत नाही त्याचं कारण इथं आहे.

दुसरं म्हणजे त्या ४५ ग्रॅममध्ये काय आहे ते बघ. सर्वांत मोठा वाटा ज्वारीचा. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनात ल्युसीन १२ ग्रॅमच्या आसपास असतं. हे भरपूर आहे, बहुतेक धान्यांपेक्षा जास्त. आणि लायसीन? जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, म्हणजे शरीराला हवं त्याच्या निम्मंच. पिढ्यान् पिढ्या भाकरी खाणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला ल्युसीनची ददात कधीच नव्हती. कमी पडतं ते लायसीन. आणि तू १८०० रुपये देऊन आणलंस काय, तर पुन्हा ल्युसीनच. विहिरीला पाणी असताना टँकर मागवावा आणि पेरायला बी मात्र घरात नसावं, असं झालं हे.

लायसीन दाळीत आहे. तुरीच्या दाळीच्या १०० ग्रॅम प्रथिनात ते सहा-सात ग्रॅम भरतं. दाळीत मेथिओनीन कमी, ते ज्वारीत बरं. आपल्या आज्यांनी भाकरीबरोबर घट्ट वरण, पिठलं, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं घातलं, तेव्हा त्यांना ही नावं माहीत नव्हती, पण ताट पुरं होत होतं. आता खोलीवर राहणाऱ्या पोरांच्या ताटात भाकरी राहिली आणि दाळ पातळ होत गेली.

एकच अमिनो ॲसिड फार झालं तर काय होतं यावरही आपल्याच पट्ट्यात काम झालेलं आहे. ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांमध्ये दख्खनच्या पठारावर पेलाग्रा नावाचा रोग दिसायचा. उन्हानं कातडी काळी पडून सोलवटते, जुलाब लागतात. मूळ कारण नियासीन या जीवनसत्त्वाचा तुटवडा. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी मांडलं की ज्वारीतलं जादा ल्युसीन शरीराला ट्रिप्टोफॅनपासून नियासीन बनवू देत नसावं. पुढे या मताला विरोध करणारे प्रयोगही आले आणि वाद बरीच वर्षं चालला. तू भाकरीला भिऊ नकोस, मीही रोज खाते, आणि सोबत दाळ-भाजी असली की हा प्रश्न उरत नाही. मी हे सांगते ते एवढ्यासाठी की अमिनो ॲसिडं एकमेकांशी तोलून असतात. एकालाच उचलून पाण्यात ढवळायचं आणि जास्त म्हणजे चांगलं समजायचं, हा विचारच कच्चा आहे.

आता काय खायचं. माळ आहे तर आहे, तिचा मान राखून ९३ ग्रॅम जमतं. मला ४८ ग्रॅमची भर घालायची आहे. दूध ४०० मिली, सकाळी निम्मं, रात्री निम्मं: १३ ग्रॅम. सोयावडी कोरडी ४० ग्रॅम: २० ग्रॅम. फुटाणे ४० ग्रॅम: ८. शेंगदाणे ३० ग्रॅम: ७. झाली बेरीज. लातुरात आज हे सगळं दिवसाला ४० रुपयांच्या आसपास बसतं. तुझे दोन स्कूप दिवसाला १२० रुपये खातात, कारण ३० स्कूपांचा डबा १५ दिवसांत संपणार. आणि गंमत अशी की या दुधात आणि सोयावडीत मिळून ल्युसीन जवळपास तीन ग्रॅम येतं. म्हणजे एका स्कूपातलं ल्युसीन मिळालंच, वर बाकीची सगळी अमिनो ॲसिडं, कॅल्शियम आणि पोटाला आधार.

सोयावडी गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, घट्ट पिळायची, ते पाणी टाकून द्यायचं, मग कांदा-टोमॅटो आणि येसर घालून रस्सा करायचा. येसर घरून आण, खोलीवर महिनाभर टिकतो. पिळली नाही तर वास येतो, आणि मग पोरं म्हणतात ताई, सोयाबीन खाववत नाही.

सोयाबीनविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे. आपल्या जिल्ह्यात शिवारच्या शिवारं सोयाबीनची, लातूरचा बाजार सोयाबीनचा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ असे वाण काढले. शंभर ग्रॅम दाण्यात ३६-३७ ग्रॅम प्रथिन, लायसीनही चांगलं. आणि पिकवणाऱ्याच्या घरात त्यातलं पसाभरही शिजत नाही! सगळं आडतीला जातं. तुझ्या वडिलांकडं सोयाबीन असणारच. किलोभर निवडून, पाण्यात वीसेक मिनिटं उकळून, वाळवून, खमंग भाजून दळून आण आणि गव्हाच्या पिठात दहा किलोला एक किलो मिसळ. कच्चं दळू नकोस. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनं जातात. धपाट्यात तर हे पीठ कळतही नाही, वर वाटीभर दही घे.

तुझ्या खोलीवरची पोरं म्हणतील की सोयाबीननं पुरुषपण कमी होतं. मला हा प्रश्न पोरं खाजगीत, खाली मान घालून विचारतात. माणसांवर झालेल्या डझनावारी प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये झाला. दोन्ही वेळा सोयानं पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. ४० ग्रॅम वडी निर्धास्त खा.

प्रथिनाइतकाच महत्त्वाचा पोटभर अन्नाचा भाग. तुझं दिवसाचं खाणं दोन हजार कॅलरीच्या आतच भरतं. धावणं आणि वजनं धरून तुला अडीच हजारांच्या वर लागतात. पोटाला कमी पडलं की शरीर प्रथिनही जाळतं. म्हणून दुपारी एक भाकरी वाढव, भाजीवर शेंगदाण्याची चटणी आणि करडईचं कच्चं तेल घे, संध्याकाळच्या केळ्याबरोबर गुळाचा खडा. प्रथिन एकाच जेवणात ढिगानं न घेता तीन-चार वेळांत वाट. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आतच घेतलं पाहिजे, ही घाई मात्र करू नकोस. दोन तासांत जेवलास तरी चालतं.

व्हे पावडर घेऊ का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. व्हे दुधाचंच असतं, माळेला अडचण नाही, आणि त्यात नऊच्या नऊ अमिनो ॲसिडं आहेत. ते वाईट नाही, महाग आहे. आपल्याच पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात अंग कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असं म्हटलं आहे. माझं मत थोडं मवाळ आहे. ज्याला डबा पोचत नाही, जो दिवसभर क्लासला असतो, त्यानं एक स्कूप घेतला तर मी अडवत नाही. मात्र आधी वरचं ताट पुरं झालेलं असावं. आणि घेतलंच तर पाठीमागची यादी वाच. प्रथिन मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. म्हणून काही लबाड उत्पादक ग्लायसीन, टॉरीन अशी स्वस्त अमिनो ॲसिडं मिसळून आकडा फुगवतात. यादीत ही नावं सुटी दिसली तर डबा परत ठेव. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक नसेल, किंवा झाकणाखालचं सील उचकटलेलं असेल, तर हातसुद्धा लावू नकोस. तू पुढे स्पर्धा खेळणार असशील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण भेसळीच्या डब्यातून बंदी असलेलं औषध पोटात गेलं तरी दोष खेळाडूच्याच माथी येतो.

ग्लुटामिन आणि आर्जिनीन या सुट्या अमिनो ॲसिडांनी धडधाकट माणसाचे स्नायू वाढत नाहीत, ते सोड. डब्यातल्या वस्तूंपैकी जिच्यामागं खरा भक्कम पुरावा आहे ती क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत ते मुळात कमी असतं, म्हणून त्याला फरक जाणवतो. पण त्यानं पहिल्या काही आठवड्यांत पाण्याचं एक-दोन किलो वजन वाढतं, आणि भरतीत तुला १६०० मीटर धावायचं आहे. त्याला २० गुण आहेत, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. चाचणी तोंडावर असताना नवीन काही सुरू करू नये. गोळा ७.२६० किलोचा आहे, तो लांब जाईल पाय आणि कंबर यांच्या ताकदीनं. तू लिहिलेल्या वेळापत्रकात छाती आणि दंड आठवड्यात चार दिवस, पाय एक दिवस. हे उलटं आहे. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट आठवड्यातून दोनदा कर आणि दर आठवड्याला थोडं तरी वजन किंवा एखादं आवर्तन वाढव. पाच महिने तीच १५ किलोची डंबेल्स मारून स्नायूला वाढायचं काही कारण मिळत नाही.

अमिनो ॲसिडांच्या पावडरीचा खरा उपयोग मी कुठं पाहिला? आजारातून उठलेल्या, दोन घासांत पोट भरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत. वय झालं की स्नायू ल्युसीनच्या इशाऱ्याला बहिरा होत जातो, तेव्हा नऊही अमिनो ॲसिडं असलेली आणि ल्युसीन जास्त असलेली पावडर कामाची ठरते. तिथंही नऊ लागतात, तीन पुरत नाहीत. तू २२ वर्षांचा आहेस.

दोन इशारे. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा तुला स्वतःला लघवीत फेस, पायावर सूज असं काही असेल, तर प्रथिन वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) तपासून घे. निरोगी मूत्रपिंडाला ९३ ग्रॅमनं धोका नाही. आणि जिममध्ये कुणी लेबल नसलेली गोळी किंवा इंजेक्शन पुढं केलं, 'अमिनोच आहे' म्हणून, तर तिथून उठून ये. लातूर-बीडकडची चांगली पोरं यात नासलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आया माझ्यासमोर बसून रडल्या आहेत.

फोडलेल्या डब्याचं काय करायचं? फेकू नकोस, पैसे तुझ्या बापाच्या घामाचे आहेत. चव आवडत असेल तर व्यायाम करताना एक स्कूप पाण्यातून पी आणि संपव, नवा आणू नकोस. तरतरी येते असं तू लिहिलं आहेस, ती बहुतेक पाण्याची आहे. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या जिममध्ये तासभर घाम गाळल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत प्यायलास तरी तीच येईल. डब्यावर कॅफीन लिहिलं आहे का तेवढं बघ. असेल तर संध्याकाळी सहानंतर घेऊ नकोस, झोप जाईल, आणि सात-आठ तासांच्या झोपेशिवाय वरचं काहीच अंगी लागत नाही.

या रविवारपासून सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन कर आणि वहीत लिही. दर आठवड्याला पाव किलो वाढ झाली तरी मला चालेल. तीन रविवार काटा हलला नाही तर भाकरी आणखी एक वाढव, आणि आठ आठवड्यांनी वजनं, १६०० मीटरची वेळ आणि गोळ्याचं अंतर, तिन्ही आकडे मला पाठव.